मुलींच्या शाळेचा आमचा अनुभव: अभ्यास सोडून बाकीच्या गोष्टींसाठी 5 पैकी 4

यंदा आमच्या लेकीची दहावी झाली. पाचवीला ॲडमिशन घेताना मी खूप शोधलं होतं की मुलींच्या शाळेबद्दल एखाद्या आईने नीट काही लिहिलंय का, रिझल्ट किती टक्के लागला ते सगळीकडे मिळतं, पण मुलगी तिथे दिवसभर करते काय, वर्गाच्या बाहेर तिला काय मिळतं, ते कुठेच मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहितेय. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारी पण आहेत आणि त्या सगळ्या बाई अजून तिथेच शिकवतायत. मध्य मुंबईतली, फक्त मुलींची, मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी, एवढं पुरे. आम्ही लालबागला राहतो, मी परळला एका हॉस्पिटलात बिलिंगला आहे आणि तिचे बाबा बेस्टमध्ये. महागड्या क्लासेसचा आमच्याकडे प्रश्नच नव्हता हे आधीच सांगते, पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

2020 ला पाचवीत गेली म्हणजे पाचवी पूर्ण मोबाईलवर गेली, सहावी पण जवळजवळ तशीच, कारण मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले ते 15 डिसेंबर 2021 ला आणि जानेवारीत परत थोडे दिवस बंद. त्यामुळे आमच्या हिशोबाने शाळा खरी सुरू झाली सातवीत, जून 2022 ला. तोपर्यंत दहा बाय बाराच्या खोलीत बसून बसून ती अशी झाली होती की कोणी घरी आलं तर पोटमाळ्यावर जाऊन बसायची, उतरायचीच नाही.

तर सातवीच्या पहिल्याच आठवड्यात शाळेने एक कागद घरी पाठवला, त्यावर 11 उपक्रम होते: खो-खो, कबड्डी, दोरीचा मल्लखांब, लेझीम, गाईड, आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षा पथक, चित्रकला, समूहगीत, नाटक, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ. यातले दोन निवडायचे. आणि खाली एक ओळ होती, "दिवाळीनंतर उपक्रम बदलता येईल." तेव्हा मी ती ओळ वाचून सोडून दिली होती. आज कोणी विचारलं की शाळेत सगळ्यात चांगलं काय, तर मी तीच ओळ सांगते.

का ते सांगते. तिसरीत असताना आम्ही तिला जवळच्या एका कथ्थकच्या क्लासला घातलं होतं, तीन महिन्यांची फी आधी भरायची, 4500, वर ड्रेस आणि घुंगरांचे वेगळे. दीड महिन्यात ती म्हणाली मला नाही आवडत. आम्ही काय म्हणालो, पैसे भरलेत ना, आता पूर्ण कर. उरलेला दीड महिना ती रडत गेली आणि मी तिला ओढत नेलं, आणि त्यानंतर दोन वर्ष कुठल्याही नवीन गोष्टीचं नाव काढलं की ती आधीच नाही म्हणायची. दोष तिचा नव्हता, आमचा पण नव्हता, 4500 रुपयांचा होता. ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांच्या मुली पियानो सोडून टेनिसला जातात आणि टेनिस सोडून पोहायला जातात आणि त्याला कोणी धरसोड म्हणत नाही. आमच्यासारख्या घरात मुलीला एकच चान्स मिळतो आणि तो चुकला की "हिला कशातच इंटरेस्ट नाही" हे कायमचं चिकटतं. शाळेत वर्षाला 600 रुपये उपक्रम फी होती, कितीही काहीही करा. त्यामुळे सोडणं फुकट होतं. आणि सोडता येतं म्हटल्यावर ती धरायला तयार झाली.

पहिलं घेतलं मल्लखांब, बरोबर गाईड. मल्लखांब ऐकून सासूबाई घाबरल्या, हातपाय मोडले तर काय करायचं म्हणून. शाळेच्या हॉलमध्ये छताच्या हुकाला सुती दोर टांगलाय, खाली गाद्या, आठवड्यातून दोनदा शिकवायला एक ताई यायची. मुलींचा मल्लखांब बहुतेक दोरीचाच असतो, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यात दोर धरून वर चढायचं आणि मग त्याच दोराला अढी मारून आसन करायचं, गाठ कुठेच नसते. आमच्याकडे हे काही नवीन नाही, शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथल्या उदय देशपांडे सरांना 2024 ला पद्मश्री मिळाली, 2019 ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा पण शिवाजी पार्कलाच झाली होती. पण बघणं वेगळं आणि स्वतःच्या बोटांमधली कातडी सोलून घेणं वेगळं. रोज रात्री खोबरेल तेल लावून झोपायची. चार महिन्यात अर्ध्या दोरापर्यंत चढायला लागली, त्याच्यावर गेली नाही, उंचीची भीती काही गेली नाही तिची, आणि दिवाळीनंतर सोडलं. ताई चिडली नाही, बाई चिडल्या नाहीत, वहीत एक सही झाली आणि ती खो-खोला गेली. ज्या मुलीला एका पायावर नीट उभं राहता येत नव्हतं तिला दंडात जोर आला होता एवढं मात्र त्या चार महिन्यांचं शिल्लक राहिलं, खो-खोच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की काय करायचीस आधी.

खो-खोबद्दल जरा जास्त लिहिते कारण ती त्यात सगळ्यात जास्त टिकली, सातवीच्या दुसऱ्या सत्रापासून नववीच्या शेवटापर्यंत. शाळेचं मैदान लहान आहे, खरं तर त्याला मैदान म्हणू नये, पटांगण आहे, एक पोल भिंतीच्या फार जवळ येतो. तरी सकाळी पावणेसातला प्रॅक्टिस असायची. नऊ जणी खेळणार, त्यातल्या आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने बसायच्या आणि एक पळणार. तिला आधी वाटायचं बसणाऱ्या मुलीला काही कामच नाही, मग कळलं की बसलेलीलाच सगळ्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण पाठीवर खो पडला की त्याच क्षणी उठायचं आणि ज्या बाजूला तोंड आहे त्या बाजूलाच सुटायचं, मागे वळता येत नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या 17 वर्षाखालच्या स्पर्धेत मुंबई शहरकडून त्यांची शाळा दोन वर्ष उतरली, दोन्ही वेळा दुसऱ्या फेरीत बाहेर, आमची लेक दोन्ही वेळा राखीव. राखीव म्हणून मी एकदा तिच्यासमोर हळहळले तर ती मला म्हणाली, आई, मी बसून सगळ्यांच्या चुका लिहून काढते, बाईंनी मला वही दिलीय. ती वही अजून आहे घरात. जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला आणि आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला 78-40 ने हरवलं, कॅप्टन प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची, तेव्हा चाळीच्या गॅलरीत मोबाईल उभा करून चार-पाच मुली ती मॅच बघत होत्या आणि आमची लेक त्यांना सांगत होती आता कुठे खो पडणार ते.

आता पहिली मोठी तक्रार, आणि ही फक्त मुलींच्या शाळेचीच होऊ शकते म्हणून जास्त राग येतो. पीटीचा ड्रेस पांढरा होता. पांढरा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, शनिवारी आणि प्रॅक्टिसला. अकरा ते सोळा वर्षांच्या मुली, आणि पांढरा! सातवी-आठवीत पाळी सुरू होते, आधी महिन्यातले चार दिवस मुलगी मैदानावर जात नाही, मग डाग दिसेल या भीतीने पुढचेमागचे दोन दिवस पण जात नाही, मग जातच नाही, आणि सगळे म्हणतात मोठी झाली, आता खेळायचं कमी झालं. सातवीला खो-खोला 30 मुली होत्या, आठवीच्या दिवाळीपर्यंत 13 उरल्या. बाई म्हणायच्या क्लास लागले. मी दोन-चार मुलींच्या आयांना विचारलं तर क्लासचं कोणीच बोललं नाही, सगळ्यांनी स्कर्टचं सांगितलं. पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगला मी उठून बोलले, समोर दोन बाबा बसलेले ते खाली बघायला लागले, पण बोलले. उत्तर आलं की ड्रेस अनेक वर्षांचा आहे, संस्थेला विचारावं लागेल. विचारता विचारता कितीतरी महिने गेले. शेवटी गडद निळी ट्रॅक पँट आली, नववीच्या जूनमध्ये, आणि त्या वर्षी खो-खोला परत 24 मुली झाल्या. तोपर्यंत ज्या सुटल्या त्या सगळ्या काही परत नाही आल्या. ॲडमिशन घेताना कुठल्याही शाळेत हे आधी विचारा, पीटीचा ड्रेस कुठल्या रंगाचा, आणि पटांगणाच्या जवळ पाणी असलेलं बाथरूम आहे का.

गाईड तिने एक वर्ष केलं, प्रवेश आणि प्रथम सोपान या पहिल्या दोन पायऱ्या, मग सोडलं. तिला परेड आवडली नाही. गाठी मात्र आवडल्या, रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड, या अजून येतात आणि पावसाळ्यात आमच्या गॅलरीवर ताडपत्री बांधायची असली की तिलाच हाक मारतो. आरएसपीला गेली नाही, पण शाळा सुटताना तिच्याच वर्गातल्या मुली शिट्टी वाजवून टॅक्सी थांबवतात आणि लहान मुलींना रस्ता ओलांडून देतात हे बघायला मला फार छान वाटायचं, मी कधी कधी नुसती बघत थांबायचे.

निसर्ग मंडळामुळे आम्ही शिवडीला फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, बघायला गेलो. लालबागहून शिवडी किती, बसने पंधरा मिनिटं, आणि लग्न होऊन 18 वर्ष झाली तरी मी तिकडच्या जेट्टीवर कधी गेले नव्हते. फेब्रुवारी 2024, बाईंना मदतीला पालक हवे होते म्हणून मी अर्धी रजा टाकून गेले. वेळ भरती-ओहोटी बघून ठरवलेली, कारण ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात आणि पाणी चढायला लागलं की हळूहळू किनाऱ्याकडे सरकतात. 28 मुली आणि दुर्बिणी चार, तरी एकही भांडण नाही. फ्लेमिंगोची चोच उलटी का, तो डोकं खाली घालून चिखलातून खातो म्हणून, तो गुलाबी का, खाण्यातल्या शेवाळामुळे, मोठा रोहित कुठला आणि छोटा रोहित कुठला, हे बाईंनी सगळं तिथेच दाखवलं. मागे नवीनच सुरू झालेला अटल सेतू, पुढे तिवरं आणि तो गुलाबी पट्टा. एक मुलगी, ती त्या जेट्टीपासून पाच मिनिटांवर राहते, ती म्हणाली बाई हे आमच्या घरामागे आहे आणि मला माहीतच नव्हतं. ट्रिपचा खर्च माणशी बसचं तिकीट. माझ्या मते शाळेने काढलेल्या सगळ्या सहलींमध्ये हीच सगळ्यात चांगली, मोठ्या वॉटर पार्कला 900 रुपये भरून नेलं त्यातलं तिला आज काही आठवत नाही.

चित्रकलेचं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शाळेतूनच देता येतात, एलिमेंटरी तिने आठवीत दिली आणि इंटरमिजिएट नववीत, तिला बी ग्रेड मिळाली. दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला 7, बी ला 5 आणि सी ला 3 मार्क वाढतात, म्हणजे 500 पैकी 5, बरोबर एक टक्का. माझं स्पष्ट मत आहे की या एका टक्क्यासाठी मुलीला चित्रकलेला घालू नका. त्या वर्गात अर्ध्या मुली फक्त त्यासाठी बसलेल्या असायच्या आणि ज्यांना खरंच चित्र आवडतं त्यांना बाईंचा वेळ मिळायचा नाही. आमच्या लेकीला स्मरणचित्र जमायचं, वस्तुचित्र कधी जमलं नाही, तांब्याची गोलाई शेवटपर्यंत वाकडीच आली.

विज्ञान मंडळाबद्दल नाराज आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते, आधी लेखी, मग प्रॅक्टिकल, मग प्रकल्प आणि मुलाखत, मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेतं. लेकीची लेखीच निघाली नाही, ते जाऊ द्या. पण तिच्या वर्गातल्या दोघी लेखी पास झाल्या, आणि प्रॅक्टिकलच्या आधी कळलं की दोघींनी ब्युरेट कधी हातातच धरलेली नाही, कारण शाळेच्या लॅबला कुलूप असतं आणि प्रयोग बाई करून दाखवतात, काच फुटेल म्हणून. मग त्या दोघी दुसऱ्या शाळेत जाऊन चार दिवस सराव करून आल्या. मुली फोडणीला टाकतात, गॅस लावतात, स्टोव्ह पेटवतात, त्यांच्या हातून काचेची नळी फुटेल ही भीती कुठून आली? या एका गोष्टीसाठी मी अर्धा मार्क कापलाय.

आणि आता नाटक. नववीच्या दुसऱ्या सत्रात ती विज्ञान सोडून नाटकाला गेली. परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाल्यापासून शाळेचं गॅदरिंग शाळेच्याच हॉलमध्ये होतं, आणि खरं सांगायचं तर मुलींचा त्यात फायदा झाला, कारण थिएटरला लाईट-साऊंड तिथली माणसं सांभाळतात, शाळेत सगळं मुलींना करावं लागलं. बाईंनी आणि मुलींनी मिळून लिहिलेलं नाटक, चाळीच्या नळावरचं, पाणी साडेपाचला येतं आणि सहाला जातं त्या अर्ध्या तासात काय काय होतं ते. ऑडिशनला ही उभीच राहिली नाही. बाईंनी विचारलं मग करशील काय, तर म्हणाली मी प्रॉपर्टी बघते. प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, 14 हंडे-कळशा, दोन बादल्या, एक काठी, एक रेडिओ, प्रत्येक वस्तू कुठल्या प्रवेशात कुठल्या विंगेतून जाणार याची तिने यादी केली, आणि खो-खोच्या वहीसारखीच वही केली. पितळी कळशी सासूबाईंची गेली, त्यांनी खाली नाव घातलेलं दाखवून मगच दिली.

पुढे लाईट बघणाऱ्या मुलीला कांजिण्या झाल्या आणि गॅदरिंगला आठ दिवस राहिलेले. भाड्याने आणलेला डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं यंत्र, स्टेजचे सहा लाईट, कोणाला काही येत नव्हतं. हिला सगळे प्रवेश पाठ होते म्हणून बाई म्हणाल्या तू बस. पहिल्या दिवशी दोनदा ब्लॅकआउट चुकला, नळावर भांडण चालू आणि अंधार. त्या रात्री जेवली नाही. मला वाटलं आता हे पण सोडणार, आणि मी ठरवलं होतं की सोडलं तर काही बोलायचं नाही. सकाळी पावणेसातला खो-खोला गेली आणि तिथून सरळ हॉलमध्ये, शिपाई काकांकडून चावी घेऊन एकटीच बसली लाईट वर-खाली करत. गॅदरिंगच्या दिवशी शेवटच्या प्रवेशात पहाट व्हायची होती, नळाला पाणी येतं आणि उजेड हळूहळू चढतो. मी पाचव्या रांगेत होते. मला माझी मुलगी दिसतच नव्हती, ती मागे कोपऱ्यात टेबलाशी होती, पण तो उजेड तिने इतका सावकाश चढवला की कधी सुरू झाला ते कळलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाई माझ्या ओळखीच्या नव्हत्या, तरी मी त्यांना सांगितलं की हे लाईट माझी मुलगी करतेय.

मुलींच्याच शाळेत घातलं ते बरं केलं का, असं बरेच जण विचारतात. मी स्वतः संगमेश्वरकडे मुलामुलींच्या शाळेत शिकले. आमच्याकडे कार्यक्रम असला की मुलगे बाक हलवायचे, माईक जोडायचे, मंडप बांधायचे आणि आम्ही रांगोळी काढायची, पाहुण्यांना ओवाळायचं आणि स्वागतगीत म्हणायचं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, ते तसंच होतं. आमच्या लेकीच्या शाळेत बाक उचलायला मुलगेच नाहीत, म्हणून बाक मुलीच उचलतात. टेबलावर चढून वायर मुलगीच टाकते, नाटकातला दारुडा बाप मुलगीच होते, कबड्डीची पंच पण मुलगी. एकत्र शाळा वाईट असं माझं म्हणणं नाही, तिथे पण बाईंनी मनावर घेतलं तर हे होऊ शकतं, पण इथे ते कोणी मनावर न घेता पण होत होतं.

दुसरी मोठी तक्रार, त्याच त्या मुली. कागदावर 11 उपक्रम सगळ्यांसाठी, पण बाहेरची स्पर्धा आली की वक्तृत्वाला पण तीच, समूहगीताला पण तीच, 26 जानेवारीला झेंड्याजवळ पण तीच. पाच-सहा मुली आहेत, गुणी आहेत, त्यांच्यावर राग नाही, त्या बिचाऱ्या पण दमतात. बाईंना शील्ड हवी असते आणि तयार मुलगी पाठवली की काम सोपं होतं. 60 मुलींच्या वर्गात 40 मुली अशा आहेत ज्या सहा वर्षात शाळेच्या बाहेर कुठेही शाळेचं नाव लावून गेल्या नाहीत. उपक्रम बदलायची मुभा देणाऱ्या शाळेने स्पर्धेला पाठवताना पण तोच विचार करावा, एवढं मी मुख्याध्यापिका बाईंना लेखी दिलंय.

तिसरी, दहावी. दहावीला जूनपासून सगळं बंद. पीटीचा तास गणिताला, कार्यानुभवाचा विज्ञानाला, खो-खोच्या मुलींना पटांगणावर दिसलं तरी ओरडा. वर्षभर आठ-नऊ तास बसून मुलीची मान दुखायला लागली, रात्री झोप नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुली नवी मुंबईत क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना पेढे वाटले, भाषण झालं, जेमिमा रॉड्रिग्ज आपल्या वांद्र्याच्या शाळेत शिकली, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127, हे सगळं सांगितलं. ती क्रिकेटबरोबर हॉकी पण खेळायची, महाराष्ट्राच्या वयोगटातल्या संघात होती, हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि पेढे खाऊन झाल्यावर दहावीचा पीटीचा तास परत गणितालाच गेला.

मार्कांचं विचाराल तर 71.40, चित्रकलेचे 5 धरून. नातेवाईक म्हणतात इतकं सगळं केलं नसतं तर ऐंशीला गेली असती. असेल, मला माहीत नाही. पण गेल्या गणपतीत, ती दहावीत असताना, आमच्या चाळीच्या स्टेजवर संध्याकाळचे कार्यक्रम होते आणि लाईट बघणारा मुलगा नोकरीमुळे येऊ शकत नव्हता. मंडळाची मुलं भाड्याने माणूस आणायचं बोलत होती. ही खाली उतरली आणि म्हणाली डिमर कुठला आहे ते दाखवा, मी बसते. चाळीत आजपर्यंत त्या टेबलावर मुलगी बसलेली मी बघितली नव्हती. रोज दोन तास, पाच दिवस बसली. सहाव्या दिवशी तो मुलगा आला तर त्याने तिला विचारलं की पहाटेचा इफेक्ट कसा केलास.

अकरावीला कॉमर्सचा फॉर्म भरलाय. लाईटचं पुढे काही करेल की तेही सोडेल, सांगता येत नाही, कॉलेजला काय काय आहे ते बघून ठरवते म्हणाली.

ज्यांना पाचवीला घ्यायचंय त्यांच्यासाठी कामाचं: शाळा बघायला मधल्या सुट्टीत जा, ऑफिसच्या वेळेत जाऊ नका, पटांगणावर मोठ्या वर्गातल्या मुली पळताना दिसतात का ते बघा, नुसत्या भिंतीला टेकून उभ्या असतील तर विचार करा. उपक्रम मध्येच बदलता येतो का ते लेखी विचारा. एनसीसी या शाळेत नाही, हवं असेल तर दुसरीकडे बघा. व्हॉट्सॲपवर निरोप रात्री दहाला येतात आणि सकाळी सातला पोचायचं असतं, त्याची तयारी ठेवा. आणि सकाळच्या प्रॅक्टिसला जाणार असेल तर डबे दोन द्या, एक साडेआठचा आणि एक मधल्या सुट्टीचा, पहिल्यात पोळी-भाजी नको, तूप-साखर पोळीचा रोल द्या, त्यांना बसून खायला वेळ नसतो.